दोघींचं बिरडं

२ जुलै १९५०, रविवार
वाल निवडून भिजत घातले. अर्धे किडके निघाले. रेशनवर या खेपेलाही तांदूळ नाही, ती परदेशी लाल ज्वारी, मिलोच. भाकरी थापताना फाटते. सासूबाई म्हणाल्या, "उकड काढून बघ." काढली. तरी फाटली. तशीच खाल्ली.

हे घरातून गेल्याला आज पाच महिने. तारीख तीच आली म्हणून लिहिलं. एरवी लिहिलं नसतं.

४ जुलै
वालांना बोटभर मोड. दुपारी कोमट पाण्याची परात मध्ये घेऊन दोघी सोलायला बसलो. सा.बा.ची बोटं माझ्याहून भरभर चालतात. चिमटीत धरलं की डाळिंबी सुटी. तासभर तेच. मग त्या म्हणाल्या, "खोबरं अर्धीच वाटी घे हो."
"पावच आहे."
"मग पाव घे."

बिरडं चांगलं झालं असावं. सा.बा.नी दुसऱ्यांदा घेतलं. मला हल्ली चव नीट लागत नाही. मीठ हाताच्या सवयीनं पडतं.

९ जुलै
वरच्या मजल्यावरच्या वकिलीणबाई जिन्यात भेटल्या. "काही कळलं का गं?" मी म्हटलं नाही. रोज विचारतात. चांगल्या आहेत, पण रोज विचारतात.

काय कळायचं. फेब्रुवारीच्या दोन तारखेला डबा घेऊन सकाळच्या गाडीला गेले, परत आले नाहीत. चार दिवसांनी बडोद्याहून माझा भाऊ अण्णा आला. त्याला घेऊन मी फोर्टात यांच्या कचेरीत गेले. तिथले हेडक्लार्क चष्मा पुसत म्हणाले, "त्यांनी तर डिसेंबरअखेर राजीनामा दिला. घरी सांगितलं नाही का?" अण्णा माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

म्हणजे सबंध जानेवारी मी डबा करून दिला. तीन पुडांचा. संध्याकाळी रिकामा यायचा, आतून विसळलेला. एकदा म्हणाले होते, "आज वाटाण्याची उसळ झकास होती." कुठे बसून खाल्ली, कुणाबरोबर

नको.

१९ जुलै
शिंप्याकडची काजं पुरी करून दिली. डोळे दुखतात. संध्याकाळी डाळीचं वरण पातळ करून आमटी केली, चिंच नि गूळ जास्त. पाणी जास्त झालं की चिंच-गूळ जास्त, हे सा.बा.चं शास्त्र. "पाहुणे आले की आमची सासू असंच करायची. कुणाला कळायचं नाही." आमच्याकडे पाहुणे नाहीत. पाणी मात्र तेवढंच.

१३ ऑगस्ट, रविवार
उद्यापासून श्रावण. खाडीवरची जनाबाई सुक्या मासळीची टोपली घेऊन दारात. "काय गो बाय, आज तरी जवला घेशील का नाय? उद्यापासून तुमचं बंद." मी नको म्हणत होते. आतून सा.बा. म्हणाल्या, "घे."
मी म्हटलं, "एकटीसाठी कशाला?"
"एकटी खात नाही का माणूस?"

मामंजी गेल्यापासून त्या मासे खात नाहीत, वीस वर्षं झाली. चुलीपासून लांब, उंबऱ्याशी बसल्या आणि नुसत्या वासावर सांगत गेल्या. "कांदा लाल झाला, आता टाक. हं. आता चिंच. झाकण नको ठेवूस, उग्र होईल." मी चव बघून सांगू शकत नाही आणि त्या बघायच्या नाहीत. म्हटलं, मीठ कसं कळणार? तर म्हणाल्या, "खारवलेलाच असतो. घालूच नकोस." आणि हसल्या. मला वाटतं हसल्या. पदर तोंडाला होता.

जवला भाकरीशी खाल्ला. त्या समोर बसून राहिल्या.

२४ ऑगस्ट
तळ्याकाठच्या देवळातून येताना कणसंवाला. निखाऱ्यावर भाजत होता, वास पार रस्त्यापर्यंत. सा.बा. थांबल्या. मला वाटलं दम लागला. म्हणाल्या, "एक घे. लिंबू लावून दे म्हणावं." मी बघतच राहिले. रस्त्यात उभं राहून खाणं, तेही त्यांनी. कठड्यापाशी पाठ फिरवून उभ्या राहिल्या आणि पदराच्या आडून अर्धं कणीस खाल्लं. त्यांचे समोरचे दात दोनच उरलेत, बाजूच्या दाढांनी कुरतडत होत्या. उरलेलं मला दिलं.

"गावभर होईल," मी म्हटलं.
"आणखी काय व्हायचं राहिलंय."

घरी येईतो दोघींची बोटं काळी.

२ सप्टेंबर, शनिवार
पोस्टकार्ड आलं. यांचं.

चुलीवर बिरडं होतं. सा.बा.ना अक्षरओळख नाही. "कुणाचं?" मी सांगितलं. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "वाच."

वाचलं. जसंच्या तसं इथे उतरवते, कार्ड त्यांनी आपल्याकडे ठेवलंय. "ती. आईस सा. न. मी खुशाल आहे. माझा शोध करू नये. वाट पाहू नये. कुमुदने माहेरी जावे हे बरे. कळावे." खाली सही. गाव लिहिलेलं नाही, शिक्का पुसट.

सा.बा. म्हणाल्या, "अक्षर त्याचंच?"
"हो."
"बघ नीट."
"त्यांचंच आहे."
"बरं. खाली लागलं बघ ते, वास येतोय."

खालचा थर करपला होता. वरचं दुसऱ्या भांड्यात काढून जेवलो. पातेलं राखेनं घासत बसले बराच वेळ. निघालं नाही.

मला रडू आलं नाही. पत्रात माझं नाव तरी आहे असं मनात आलं. लाज वाटली तसं वाटल्याची.

३ सप्टेंबर
सकाळी सा.बा. म्हणाल्या, "दौत-टाक घे. पत्र लिहायचंय."
"कुणाला?"
"तुझ्या भावाला. मी सांगते तसं लिही. आपलं काही घालू नकोस."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. "चि. अण्णास आशीर्वाद. कुमुद पोरसवदा आहे. एकोणतिसावं तिला. माझा मुलगा येणार नाही हे आता नक्की. तिला इथे ठेवून घेणं हा माझा स्वार्थ होईल. तुम्ही येऊन घेऊन जावं. ती कामाला वाघ आहे, बोलायला कमी. तिला भात लागतो. मिलोनं पोट बिघडतं, पण सांगत नाही."

इथे माझा टाक थांबला. मी कधी बोलले नव्हते.

"लिहिलंस?"
"लिहिलं."
"माझी काळजी करू नये, माझं मी बघेन, असं लिही. नि सही कर माझी."

त्यांच्या नावाची सही मी केली. पेटीत मीच टाकून आले. टाकताना काही वाटलं नाही. परत येताना कोथिंबीर घ्यायची विसरले.

११ सप्टेंबर
श्रावण संपला. त्या दिवशीचं गोड म्हणजे निनावं, ते करायचं तर बेसन नाही, कणीक मूठभर. सा.बा. म्हणाल्या मिलोचंच पीठ भाज, गूळ नि नारळाचं दूध आहेच. पीठ भाजताना घर खरपूस वासानं भरून गेलं. पातेल्यावर ताटली ठेवून वर निखारे. वड्या पडल्या नाहीत, चमच्यानं खरवडून खाल्लं. सा.बा. म्हणाल्या, "ह्याला निनावंसुद्धा म्हणता येत नाही." पण खाल्लं सगळं. एक वाटी वर वकिलीणबाईंकडे.

१२ सप्टेंबर
वकिलीणबाई वाटी परत द्यायला आल्या त्या बसल्याच. येत्या रविवारानंतरच्या रविवारी त्यांच्याकडे पंधरा माणसं जेवायला, मुलगी बघायला येणार आहेत. "बिरडं तुम्ही कराल का? आमच्या स्वैपाकिणीला सोलायचा कंटाळा. साहित्य मी देईन, वर मेहनतीचं काय ते देईन."

त्या गेल्यावर सा.बा.नी वाटी फळीवर ठेवली. मग म्हणाल्या, "आपण जेवण विकायचं?"
मी म्हटलं, "काजं विकतोच की."
"काजं कुणाच्या तोंडात जात नाहीत."

२३ सप्टेंबर
दोन शेर वाल सोलायला आहेत. मी एकटीनं सुरुवात केली. तासाभरानं सा.बा. आल्या, परात आपल्या बाजूला ओढून घेतली. दिवे लागेपर्यंत बसलो. उठताना त्यांचे गुडघे धरले, मी हात दिला. बोटांना सुरकुत्या, माझ्या नि त्यांच्या सारख्याच.

२४ सप्टेंबर, रविवार
खोबरं पुरं होतं, तेलही. किती दिवसांनी वाटण वाटताना हात राखावा लागला नाही. सा.बा. पाट्याशी उभ्या राहून "अजून बारीक, अजून" करत होत्या. वरून निरोप आला, पातेलं पुसून खाल्लं म्हणे पाहुण्यांनी. मुलीचं जमलं की नाही ते विचारलं नाही.

मिळालेले पैसे सा.बा.नी देवामागच्या डब्यात टाकले. संध्याकाळी त्यातलेच काढून म्हणाल्या, "रवा आण. साखर आहे का कुठे बघ." शिरा केला. तूप दोन चमचे, पण खरं. त्या डोळे मिटून खात होत्या. मी विचारलं कसा झालाय. "बोलू नकोस मधे," म्हणाल्या.

८ ऑक्टोबर
अण्णाचं पत्र. भाऊबीजेला येतो, येतानाच तुला घेऊन जाईन. दोन खोल्या आहेत, मुलं तीन, तरी एकटीची सोय होईल. वहिनीला तुझा आधारच होईल. सा.बा.ना मोठ्यानं वाचून दाखवलं.
"चांगला आहे तुझा भाऊ."
"हो."
"ट्रंकेचं कुलूप गंजलंय. तेल घाल."

घातलं.

२२ ऑक्टोबर
आणखी दोन घरांतून बिरडं सांगून आलं. एक डॉक्टरीणबाई, एक स्टेशनाजवळच्या. मी म्हटलं, भाऊबीजेपर्यंत, अकरा तारखेपर्यंतच जमेल. सा.बा. आतून ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "पुढचंही घे सांगून. मी करीन." त्यांना पातेलं उतरवता येत नाही. मी तसं म्हटलं नाही.

१० नोव्हेंबर
पाडवा. ओवाळायचं तबक काढलं नाही.
करंज्या सात झाल्या.

१२ नोव्हेंबर, रविवार
अण्णा काल आला. ओवाळलं. त्यानं लुगडं आणलंय, हिरवं, चांगलं आहे. केस पिकलेत त्याचे कानाशी.

जेवताना बिरडं तीनदा घेतलं. "कुमे, आईच्या हातची आठवण झाली." मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "परवा सकाळची गाडी आहे. सामान फार नाही ना?"
मी म्हटलं, "मी ठरवलेलं नाही अजून."
तो हात धुवायचा थांबला. "ठरवायचं काय? पत्र तूच लिहिलंयस ना?"
"अक्षर माझं होतं."
"म्हणजे?"

सा.बा. मध्ये पडल्या. "तिचं ऐकू नका. मीच सांगितलं होतं. ती येईल."
"माई, तुमचं कसं होईल, तेही मला"
"माझं काय? मी म्हातारी. एक भाकरी लागते."

अण्णा मला बाहेर गॅलरीत घेऊन गेला. हळू बोलत होता. "तू वाल सोलून जन्म काढणार आहेस का? ज्याच्या आईसाठी थांबतेस त्यानं तुला विचारलंसुद्धा नाही." खरंच आहे. यांच्यासाठी मी थांबत नाही एवढं माहीत आहे. मग कशासाठी, ते सापडत नाही. बडोद्याला जाऊन तरी काय वाटणार आहे. इथे काय वाटतंय. अण्णा म्हणाला, "तुझा चेहरा बघवत नाही. काही बोल तरी." मी म्हटलं, चहा टाकते.

"दोघींना नेणं मला झेपायचं नाही, कुमे," तो पाठीमागून म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर
ट्रंक भरली. सा.बा.नीच भरली खरं तर, मी घड्या करून दिल्या. माझी लुगडी, पोलकी, खालच्या बाजूला त्यांची पितळेची किसणी. मी काढून ठेवली. त्यांनी पुन्हा ठेवली.

डॉक्टरीणबाईंचं माणूस विचारायला आलं, गुरुवारचं नक्की ना? दारात मी आणि सा.बा. दोघी उभ्या. तो आमच्या दोघींकडे बघत राहिला. सा.बा. म्हणाल्या, "नक्की."

१४ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ
अण्णा मागच्या मोरीत अंघोळीला गेलाय. गाडीला दीड तास. ट्रंक दाराशी. मी नवं लुगडं नेसलेली नाही, नेहमीचंच.

सा.बा. चुलीपाशी बसल्यात. आमच्या वाटेसाठी दशम्या करतायत. गूळ घालून, दुधात मळलेल्या. मी शेजारी बसून पोळपाटावर लाटून देत होते. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"बडोद्याला आमसुलं मिळतात का गं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"विचार त्याला."

मी तिथे बिरड्यात घालावीत म्हणून विचारलं, की स्वतःही यायचं म्हणून, ते कळलं नाही. त्यांनी पुढची दशमी तव्यावर टाकली. मी त्यांच्याकडे बघत होते, त्या तव्याकडे.

मोरीतलं पाणी थांबलं. तो येतोय. आता विचारीन.