तुमचं ते मोठं कॉलेज

अहो,

वर्षश्राद्ध उरकलं की लिहीन म्हणत होते. पण परवा कुसुमला घेऊन तुमचं ते कॉलेज बघून आले आणि आता गप्प बसवत नाही. लेक मॅट्रिक झाली, चांगल्या मार्कांनी. उद्या कळवायचंय, तिला मुंबईला धाडायचं की अलिबागेत निघालेल्या नव्या कॉलेजात घालायचं. तुम्ही असतात तर मला विचारलंही नसतंत.

अंथरुणाला खिळलात तरी तुमचं एकच, "कुसुमला आमच्याच कॉलेजात घाल. सरांना नुसतं माझं नाव सांग, उठून उभे राहतील." जेमतेम दोन वर्षं तिथं काढलीत, मामंजी गेले नि वाडी सांभाळायला नागावला परत आलात. पण जन्मभर गोडवे काय गायलेत! चहा गार झाला तरी "आमच्या कॉलेजात असं नव्हतं." तिथं काय, चहा करायला शिकवत होते?

रेवसच्या लाँचीत मी मांडीवर नारळांची पिशवी धरून बसले होते. आपल्या वाडीतले, सोललेले, देवापुढे ठेवतात तशी शेंडी राखलेले. तुमच्या सरांसाठी. बघा, मीही तुमच्याइतकीच खुळी.

इमारत मोठी आहे, खोटं कशाला बोलू? पण माणसं! पट्टेवाल्याचीसुद्धा मान ताठ, जसे काही ते दगड त्याच्याच आजोबांनी वाहून आणले. पोरी कुसुमच्या तेल लावलेल्या वेण्यांकडे बघून इंग्रजीत खिदळत होत्या. हसायला इंग्रजी कशाला लागते, देव जाणे.

तुमचे सर अजून आहेत. म्हातारे झालेत, शिष्टपणा मात्र ताजा आहे. पिशवी बघून म्हणाले, "ते बाहेर ठेवा." मग मला विचारलं, "मुलीच्या वडिलांचं नाव?"

आता काय करायचं? चारचौघांत तुमचं नाव घेतलं ते उखाण्यातच. तुम्ही गेलात म्हणून जिभेची सवय जाते का? मी कुसुमकडे बघितलं. शेजारचा कारकून फिसकन हसला.

"बाईंना नवऱ्याचं नाव ठाऊक नाही वाटतं."

सरही हसले. हे तुमचे विद्वान! यांच्या घरी यांच्या बायका यांना काय नावानं हाक मारतात?

कुसुमनंच तुमचं नाव सांगितलं, खणखणीत. मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. आता उठतील, मग उठतील.

"कोण?" म्हणाले. "नागाव कुठे आलं?" आणि मार्क बघून, "जागा देऊ. पण हिला इथं जमेल का, याचा विचार करा."

हे तुम्हाला सांगणारच नव्हते. पण चीड येते हो. ज्यांना जन्मभर पूजलंत त्यांच्या लेखी तुम्ही नव्हतातच. तुम्हाला हे कधी कळलं नाही याचं बरं वाटतं, नि त्याचंच रडूही येतं.

नारळ मी भाऊच्या धक्क्यावर हमालांना वाटून टाकले. लाँचीत बसल्या बसल्या कुसुमला म्हटलं, "अलिबागच बरं. इथं नुसता बडा घर पोकळ वासा."

तर म्हणाली, "आई, मला तिथंच जायचंय."

"अगं, तुझ्या बाबांना ओळखलंसुद्धा नाही त्यांनी."

"म्हणूनच. आपण बाहेर थांबलो होतो ना, सर वर्गात हजेरी घेत होते तेव्हा मी दाराशी ऐकलं. पूर्ण नाव वाचतात. आता रोज सकाळी बाबांचं नाव घ्यावं लागेल त्यांना."

शेवटी तुमचीच लेक.

तेव्हा जाऊ दे तिला. त्या लोकांबद्दलचं माझं मत तेच आहे आणि नारळ काही पुन्हा नेणार नाही. पण एक शब्द देते. यापुढं कुणी तुमचं नाव विचारलं तर लेकीच्या तोंडाकडे बघणार नाही. मीच सांगेन. सवय व्हावी म्हणून आज लिहूनच बघते.

तुमची,
सरस्वती दामोदर पाटील