करड्या पट्ट्यांची वाकळ

बोम्मसंद्रा, बेंगळुरू
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. सौ. महानंदा हिस दाजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. पुढचं वाचून तुझं तू ठरव. संक्रांत छान झाली. शेजारच्या कन्नड मावशींनी तीळ-गूळ-खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्ल एवढं आणून दिलं की अजून मी चहाबरोबर तेच खातोय. निधीला सातवा महिना लागलाय, तब्येत झकास आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या तिच्या फ्लॅटवरून ती दर शनिवारी इकडे येते आणि फ्रीज उघडून मला रागावते. रागवायला तिच्यात भरपूर दम आहे, त्यामुळे काळजी नसावी.

आता मुद्द्याचं. तू फोनवर विचारलंस, "दाजी, कम्प्युटरवर वाकळ काढतात म्हणजे नेमकं काय करतात हो?" मी सांगायला लागलो तर तू "बरं, बरं" म्हणत कांदा चिरत होतीस. मला सुरीचा आवाज येत होता. म्हणून हे पत्र. तुझ्या सुनेला, शिवलीलेला, लॅपटॉप उघडून शेजारी बसव आणि तिच्याकडून मोठ्याने वाचून घे. तुमच्या वाकळी शिवणाऱ्या गटाला गिऱ्हाइकांना आधी नमुना दाखवायचा असेल ना, तर यासारखी दुसरी सोय नाही. अगं, मला तर वेड लागायची पाळी आली आहे! सकाळी दात घासायच्या आधी मी कम्प्युटर चालू करतो.

सॉफ्टवेअरचं नाव इंकस्केप. फुकट मिळतं. कुणी विकायला आला तर त्याला पाणीसुद्धा विचारू नका. मी पस्तीस वर्षं कारखान्यात गास्केटची ड्रॉइंगं काढली, म्हणजे दोन लोखंडांच्या मध्ये बसणाऱ्या रबराच्या चकत्या. तिथलं सॉफ्टवेअर फार कडक होतं, मिलिमीटर चुकला तरी डोळे वटारायचं. हे मात्र लाडावलेल्या नातवंडासारखं आहे, म्हणशील ते करू देतं.

पहिलं काम कापडाचे फोटो. ऊन नको, उजेड हवा. सकाळी खिडकीशी कापड इस्त्री करून पसरायचं, मोबाईल अगदी वरून धरायचा आणि शेजारी फूटपट्टी ठेवायची. फूटपट्टी विसरू नकोस. मी विसरलो, तर इरकलीच्या पदरावरची नक्षी स्क्रीनवर जात्याएवढी झाली. मग त्या फोटोवरची पट्टी आणि कम्प्युटरमधली पट्टी जुळवली की कापड बरोबर आपल्या मापाला येतं. कुठल्या साड्यांचे फोटो काढले ते नंतर सांगतो.

त्यानंतर खरी मजा. अख्खी वाकळ काढायचीच नाही. एक चौकोन काढायचा, नीट, जीव लावून. मग त्याच्या हुबेहूब छाया करायच्या, त्यांना क्लोन म्हणतात. मूळ चौकोनात निळा काढून पिवळा घातला की सगळ्या वाकळीत पिवळा! पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. तुम्ही बायका रंग पटला नाही म्हणून दुपारभर टाके उसवत बसता, ते इथे एका बोटात. चुकलं तर मागे जायचं बटणही आहे. ते मी इतक्या वेळा दाबलं की त्यावरचं अक्षर पुसट झालंय.

आता हे नीट ऐक, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं जमलं असं वाटलं की रंग काढून टाकून चित्र काळं-पांढरं करून बघायचं. तिथेच बटण आहे. रंगात जी गंमत दिसते ती कधी कधी खोटी असते. अक्काची जांभळी आणि अक्काची बाटली-हिरवी शेजारी शेजारी ठेवल्यावर मला वाटलं, काय उठून दिसतायत! काळं-पांढरं केलं तर दोघी एकमेकींत विरघळून गेल्या. दोन्ही सारख्याच गडद. मधे तिची ती फिकट लिंबू रंगाची सुती घातली आणि चौकोन एकदम जागा झाला.

हो, अक्काच्याच साड्या. लिहून गेलो, आता खोडत नाही.

शिवलीलेला सांग, चित्र मोबाईलवर पाठवून हात लांब करून बघायचं. लहान झाल्यावर जे दिसतं तेच खोलीच्या दारातून दिसणार. छापताना 'पानावर बसवा' असं काही आलं तर नाही म्हणायचं, नाहीतर सगळे तुकडे गुपचूप आक्रसतात. आधी एक इंचाचा चौकोन छापून पट्टीने मोजायचा. नमुने इंटरनेटवर वाटेल तितके आहेत, चांदण्या, भिंगऱ्या, पायऱ्या. मी चांदण्या घेतल्या. शिकवणारे व्हिडिओही आहेत. पण ते बहुतेक परदेशी, त्यांची रीत वेगळी. ते तुकड्याला तुकडा जोडतात. आपण खाली जुन्या धोतराचा थर अंथरून त्यावर तुकडे मांडतो आणि धावदोरा घालत जातो. म्हणून त्या व्हिडिओंचा शेवटचा भाग, शिवणीसाठी कडेला जादा कापड किती सोडायचं तो, मी बघितलाच नाही. आपल्याला त्याचा काय उपयोग, असं मला वाटलं.

महानंदा, इथे कांदा चिरणं थांबव.

दिवाळीत तू फोनवर म्हणाली होतीस, "दाजी, अक्काच्या साड्यांना कात्री लावू नका. मी येते, मी करते." शपथेवर सांगतो, कात्री लावलेली नाही. लेसर लावला.

माझ्या हाताखाली शिकलेला महांतेश आठवतो ना, चिकोडीचा? त्याचं आता इथेच मागच्या रस्त्याला कटिंगचं शेड आहे. रबर, फेल्ट, कॉर्क, काहीही कापतो. मी त्याला चित्र दाखवलं तर तो म्हणाला, "सर, ही फाईल तशीच द्या की मला. कात्री कशाला पाहिजे? मशीनला घालू, केसाइतकाबी फरक न्हाई यायचा." मला हेच ऐकायचं होतं. मी साड्या पिशवीत घालून रिक्षाने घेऊन गेलो. त्याने एकेक साडी ताणून बसवली, आणि तो निळा ठिपका माझ्या रेषेवरून पळायला लागला. काय सांगू तुला! माझी रेष, तिची साडी, आणि कोपरे असे की बघत राहावं. कापडाच्या कडा किंचित जळतात, त्याचा वास येत होता. तेवढा वेळ मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मग महांतेशने हाक मारली, "सरी बंतु नोड्री सर!" आणि खरंच सगळं बरोबर आलं होतं. प्रत्येक तुकडा चित्रातल्या मापाचा, ना कमी ना जास्त.

तीच चूक. गास्केटला कड मुडपायची नसते गं. ड्रॉइंगवर जो आकडा तोच रबरावर. घरी येऊन मी धोतरावर सगळे तुकडे मांडले, वाकळ डोळ्यांपुढे उभी राहिली, मी स्वतःवर खूश. मग सुई घेऊन पहिल्या तुकड्याची कड आत दुमडली आणि तो शेजाऱ्यापासून बोटभर लांब गेला. दुसऱ्याची दुमडली, तोही. न दुमडता शिवावं तर दोन धुण्यांत सुतं निघतील. चांदण्यांची टोकं कुठेच भेटेनात. पस्तीस वर्षांत माझं एकही ड्रॉइंग परत आलं नव्हतं, आणि आलं ते हे. अक्काच्या साड्यांचं. मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो.

आता तू विचारशील, एवढी घाई कशाची होती? सांगतो. मागच्या महिन्यात मी निधीला म्हटलं, बाळाची पहिली वाकळ आजोळहून यायची असते, आजीच्या नेसून मऊ झालेल्या साड्यांची. तर ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "आई नाही ना आता, बाबा. राहू दे. ऑनलाइन छान मिळतात." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण 'राहू दे' हा शब्द माझ्या घशाखाली उतरेना. तुझी अक्का, माझी वीणा, असती तर तिने हे बाळ पोटात आहे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी धोतर धुऊन वाळत घातलं असतं. तिच्या नातवंडाला ऑनलाइन गोधडी यावी हे मला सहन होईना.

आणि दुसरं कारण असं, महानंदा, की तू येशील याची मला खात्री राहिली नव्हती.

लिहिलं एकदाचं. अक्का गेल्यापासून तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. आधी गटाची ऑर्डर, मग शिवलीलेची परीक्षा, मग तुझा गुडघा. मी एकदाही खोदून विचारलं नाही, कारण खरं कारण मला ठाऊक आहे. बेल वाजवल्यावर दार अक्का उघडणार नाही, तेवढं तुला बघवणार नाही. मलाही बघवत नाही. बाजारातून आलो की किल्ली काढण्याआधी माझं बोट अजून बेलवर जातं. तुझ्यावर माझा राग नाही. पण निपाणीत बसून तू तिच्यासाठी रडतेस आणि इथे बसून मी, हे काही बरोबर चाललेलं नाही.

काल निधी आली. तुकडे मी बॅगेत लपवले होते, पण तिने टॉवेलसाठी कपाट उघडलं आणि आईचा कप्पा रिकामा बघून तिचा चेहराच उतरला. मग बॅग उघडावी लागली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. ती जमिनीवर बसली, पोट सांभाळत, आणि एकेक तुकडा हातात घेऊन ओळखायला लागली. "ही शाळेच्या गॅदरिंगला. ही माझ्या लग्नात हळदीला, हा बघा डाग. ही रोजची, हिला पोळ्यांचा वास यायचा." एक तुकडा नाकाशी धरून बराच वेळ बसली. मी म्हटलं, निधी, माझ्याकडून नासाडी झाली. तर म्हणाली, "बाबा, मला ऑनलाइन नको. मला हीच हवी. कशीही करा." आणि मग विचारलं, "मावशी येईल का हो?"

मी म्हटलं, "येईल की!" आणि चहा टाकायला आत गेलो.

पण आता ऐक, कारण मूळ बातमी हीच आहे, आणि ती सांगायला मी सकाळपासून धडपडतोय! काल निधी घरी गेल्यावर मी पुन्हा चित्र उघडलं. म्हटलं, तुकडे लहान झालेत ना, मग होऊ देत लहान. प्रत्येक दोन तुकड्यांच्या मधे जी फट पडते तिथे पट्टी घातली तर? मूळ चौकोनात एक पट्टी काढली, आणि क्षणात सगळ्या वाकळीत पट्ट्या उमटल्या. महानंदा, काय दिसायला लागली आहे म्हणून सांगू! आधी चांदण्या एकमेकींना खेटून गर्दी करून बसल्या होत्या. आता प्रत्येक चांदणीला तिचं अंगण मिळालं. काळं-पांढरं करून बघितलं, लांबून बघितलं, मोबाईलवर बघितलं. पहिल्यापेक्षा शंभरपट चांगली आहे. माझी चूक झाली नसती तर ही सुचलीच नसती, असं मी निर्लज्जपणे म्हणतो. या वेळी कड मुडपायला जागाही सोडली आहे, तीनदा तपासली आहे.

चित्राची प्रत सोबत जोडली आहे. तुला त्यात पट्ट्या करड्या दिसतील. करडा हा काही रंग निवडलेला नाही. तिथे काय घालायचं ते ठरलं नाही की कम्प्युटरवर करडं ठेवतात. जादा असू देत म्हणून अक्काच्या साड्या मी पुरत्या कापून घेतल्या, त्यांतलं पट्टीएवढं सलग कापड आता उरलेलं नाही. बाजारातलं नवं कोरं कापड मी आणून बघितलं, पण ते पाहुण्यासारखं अवघडून बसतं. निधीला चित्र मोबाईलवर पाठवलं, ती म्हणते आजीच्या शेजारी आजीच हवी. मलाही तेच वाटतं. तुम्ही दोघी एका पाटावर बसून जेवलात, एका अंथरुणात झोपलात. तिचा तुकडा आणि दुसरा तिचाच तुकडा, यांना धरून ठेवायला तुझं कापड हवं.

एखादी जुनी दे. खूप धुतलेली, तुझ्या अंगाला सवयीची. रंग कुठलाही चालेल, मी बाकीचं जुळवून घेईन. धोतर धुऊन वाळत घातलं आहे, सुया आणल्या आहेत, दोरा आणला आहे. धावदोरा मला सरळ येत नाही, तो तूच घालायचा आहेस.

फक्त एक कर. साडी पोस्टाने पाठवू नकोस. नेसून ये.

तुझ्या अक्काच्या घरून,
दार उघडणारा
दाजी