टपालरावांना सामावून घेण्याचा आठवडा

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या आणि या वयातही आगाऊ राहिलेल्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे जे म्हणतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आमच्या वृद्धाश्रमात सध्या सामावून घेण्याची साथ आली आहे. निमित्त माझे खोलीतले सोबती टपालराव. (जन्मभर टपाल कचेरीत पत्रं निवडली, म्हणून हे नाव मीच ठेवलं.) त्यांना ऑटिझम आहे, हे डॉक्टरांनी सत्तरी उलटल्यावर सांगितलं. त्यावर ते म्हणाले, बरं झालं, इतकी वर्षं लोक मला तुसडा म्हणायचे. माणूस अगदी सरळ. खिडकीजवळची ठरलेली खुर्ची, ताटातला एक पदार्थ दुसऱ्याला लागता कामा नये, आणि भांडी खणखणली की कानांवर हात. माझी बडबड फार झाली की ‘आता पुरे’ म्हणतात. (तूही जन्मभर हेच सांगत आलीस, पण इतक्या गोड शब्दांत नाही.)

नव्या व्यवस्थापक बाई कसल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि टपालराव एकटे पडतात असं त्यांच्या मनाने घेतलं. लगेच कार्यक्रम ठरला: जेवणाआधी टाळ्यांसकट समूहगीत, रोज नवी खुर्ची आणि शेजाऱ्याला मिठी. पहिल्याच दिवशी टपालराव टेबलाखाली जाऊन बसले. त्यांना सामावून घ्यायला बाईही खाली वाकल्या, तिथेच त्यांची कंबर धरली, आणि परिचारकांनी ओढून काढलं ते बाईंना. टपालराव आपले आपण बाहेर आले. मी सुचवलं की त्यांची खुर्ची त्यांना द्या आणि गाणं जेवणानंतर म्हणा, म्हणजे नको असेल त्याला उठून जाता येईल. बाई म्हणाल्या, मग सामावून कुणाला घ्यायचं?

पुढे विश्वस्त पाहणीला आले आणि माझा आगाऊपणा नडला. मी टपालरावांना बजावलं, विचारतील ते मनमोकळं सांगा. ताई, हे आपण सगळ्यांनाच सांगतो आणि कुणी मनावर घेत नाही, म्हणून जग चालतं. टपालरावांनी मनावर घेतलं. अध्यक्षांनी विचारलं, इथे आनंदात आहात ना? टपालराव म्हणाले, या आठवड्यात नाही. मग बाईंचा सूर, नवे झगझगीत दिवे, अध्यक्षांचं अत्तर, सगळं ओळीने सांगितलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता, हीच पंचाईत झाली.

आता ठरलं आहे की टपालराव मिसळत नाहीत, तेव्हा त्यांना वरच्या मजल्यावर हलवायचं. तिथे सगळे अंथरुणाला खिळलेले, बोलायला कुणी नाही. सामावून घेण्याचा आठवडा असा यशस्वीपणे पार पडला. टपालरावांनी बॅग काढून ठेवली आहे. मला फार वाईट वाटतं आहे, हे तुला म्हणून सांगतो.

बाकी ठीक. औषधं चुकवू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. हलवू नका असं सांगायचा हक्क इथे फक्त जवळच्या नातेवाइकाला. मी नुसता सोबती, आणि टपालरावांना नात्याचं कुणी नाही. रविवारी येऊन त्यांची थोरली बहीण म्हणून बाईंसमोर बसशील का? तुझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही, हे मी लहानपणापासून सोसलं आहे.

आणखी एक ता. क. बाई त्यांना विचारणारच, या तुमच्या कोण? आणि ते खोटं बोलायला तयार नाहीत. मी परोपरीने समजावलं. शेवटी म्हणाले, ‘आधी त्यांना विचारा, मी भाऊ म्हणून चालेन का. चालत असेन तर मग ते खोटं नाही.’ तेव्हा नाटक करून भागायचं नाही, खरंच बहीण व्हावं लागेल. नको असेल तर तसं स्पष्ट लिही. त्यांना ते समजेल. मला नाही समजणार.