अडतीस अंशांवरच्या दहा तडा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (मान आखडली आहे, तेव्हा तूर्त आठांपैकी पाच अंगांचा गोड मानून घ्यावा.) गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण खोटं बोलायची हौस आमच्या साहेबांनी या आठवड्यात पुरती फेडली आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे: दगड भाजायचे आणि त्यांची तडतड मोजायची. (मामी विचारते, यासाठी एवढी शिकलीस?) गारगोटी जमिनीखाली गरम पाण्यातून घडते, तेव्हा त्या पाण्याचे बारीक थेंब तिच्या पोटात अडकतात. ती निवली की थेंब आक्रसतात. आपण ती पुन्हा तापवली की ते फुगत जातात, आणि जन्मावेळच्या उष्णतेच्या जरा पुढे गेलं की जागा पुरेनाशी होऊन कण तडकतो. भट्टीला लावलेला माइक ती तड ऐकतो, यंत्र आकडा टिपतं. दगड केवढ्या तापात जन्मला, हे असं तो स्वतःच सांगतो. तुमच्या जुन्या खाणीतली गारगोटी अडीचशेच्या आसपास बोलेल, असा माझा अंदाज होता.

मंगळवारी भट्टी लावली आणि साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. चिमूट कशी धरावी इथपासून माझ्या अक्षरापर्यंत उपदेश सुरू. (भट्टीचं बटण कुठे आहे, हे त्यांना अजून मला विचारावं लागतं.) त्यांना दिसू नये म्हणून मी भट्टीआड हात नेले आणि त्यांच्या नावाने दहाही बोटं कडाकडा मोडली. यंत्राने अडतीस अंशांवर दहा तडा नोंदवल्या.

साहेब ताडकन उठले. “अगं, हा दगड कोमट पाण्यात घडलाय!” मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी भट्टी बंद करवून फोन लावला होता. वाकून बघताना त्यांनी असा सुस्कारा सोडला की सगळी पूड उडाली, आणि नमुना तेवढाच होता. आता सोमवारी तीन तज्ज्ञ हा शोध बघायला येणार. अहवालावर पहिलं नाव माझं. (शोध खरा निघाला तर ते दुसरं होईल.)

माझी नोकरी याच महिन्यात पक्की व्हायची आहे. खरं सांगितलं तर ‘बोटं कोणाच्या नावाने मोडलीस?’ हा प्रश्न येणार, न सांगितलं तर सोमवारी तोंडघशी. मामा, मला भीती वाटते. हे काम मला मनापासून आवडतं. कबुली मी देणारच आहे, पण खरा आकडा हातात असेल तरच ती द्यायला तोंड राहील.

तुमची भाची,
तडतडी (नाव तुम्हीच ठेवलंत, भोगते मी)

ता. क. त्या खाणीत पाणी भरलं. तिथली उरलेली एकमेव गारगोटी तुमच्या टेबलावर कागद दाबायला आहे. नोकरीच्या पहिल्या दिवसाची आठवण म्हणून तुम्ही ती जपता, हे मला माहीत आहे. तरी द्याल का?

पुन्हा ता. क. खरं म्हणजे परवा तुमचा डोळा लागला तेव्हा मी ती आणलीच. कण दोनशे चव्वेचाळीसला तडकले, मी हात पाठीमागे बांधून उभी होते. टेबलावर आहे ती तुरटी. मामीला ओल्या फडक्याने पुसू देऊ नका. आणि माझ्या नावाने बोटं मोडायची असतील तर खुशाल मोडा, फक्त घरी. इथे ती मोजली जातात.