आत्तींची हनुवटी

३ नोव्हें., सोमवार

आत्तींना घरी आणलं. दहा दिवस बेळगावात दवाखाना. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं, फक्त बोलता येणार नाही. माझ्या सासूबाईंना बोलता येणार नाही! सोळा वर्षांत या घरात पहिल्यांदा. (असं लिहू नये. लिहिलं.)

दवाखान्यात वन्सं होत्या सोबतीला. त्या तिथंच कॅम्पात राहतात, त्यांना जवळ. मला आत थांबूच देईनात. "तू तुझी शाळा बघ, अनुची शाळा बघ, आईचं मी करते." तोंडसुद्धा त्याच पुसायच्या, पडदा ओढून. बरं झालं म्हटलं, तेवढीच माझी रजा शिल्लक.

निपाणीत पोचल्यापासून आत्तींचा डावा हात पदरावर. नाकापर्यंत ओढून धरलाय. हे म्हणाले, "थंडी वाजत असंल." शाल घातली. शाल नको, पदरच हवा.

पेज चार चमचे. तीही मी खिडकीकडं बघत चमचा पुढं केला तेव्हा.

५ नोव्हें., बुधवार

सकाळी तोंड पुसायला पदर काढायला गेले. सोडेनात. एका हातात एवढी ताकद कुठनं आली कोण जाणे. बोटं एकेक करून सोडवली.

दाढी.

म्हातारपणी एकदोन येतात तसले केस नव्हेत. पुरी दाढी. हनुवटीवर, गळ्यावर, जबड्याच्या दोन्ही बाजूंनी. पांढरी, राठ, दोनतीन दिवस वाढलेली. टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. आत्तींनी डोळे मिटून घेतले, कडेनं पाणी.

म्हणजे पहाटे पाचला न्हाणीघराची कडी लावून तासभर बसायच्या ते हे. आम्ही म्हणायचो, आज्जीचा जप चाललाय.

खरं लिहायचं तर आधी वाईट वाटलंच नाही. आनंद झाला. आतनं उकळी फुटली अगदी. मग चेहरा पुसला, पदर परत दिला. शाळेत दोन तास घेतले, काय शिकवलं आठवत नाही.

६ नोव्हें., गुरुवार

मला बघायला आले होते ते कालपासून डोळ्यांसमोरनं हलेना.

संकेश्वरात, आमच्या घरी. पोहे झाले, नाव काय, शिक्षण किती झालं. मग आत्ती मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. इकडं बायका नेतातच. चालते कशी, वेणी खरी की गंगावन, ते बघायला. बरोबर चौघीजणी. आत्तींनी माझ्या बांगड्या वर सारल्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत लवेवरनं बोट फिरवलं, उलटं. "रंग बरा हाय. पण हात बापयाचं हाईत की गं हिचं." सगळ्या हसल्या. माझी आईपण हसली. तिला दुसरं काय सुचणार तिथं.

होकार आला तो अटीसकट. हळदीत डाळीचं पीठ घाला आणि उलटं घासा. मावश्यांनी इमानदारीनं घासलं. अक्षता पडत होत्या तेव्हा दोन्ही हातांची नुसती आग. फोटोत मी हसतेय.

आणि आता अनु. चौदा वर्षांची पोर. ओठावर लव दिसायला लागल्यापासून तिच्या आज्जीचं रोजचं एकच, "आईवर गेलीया. कोण करणार हिला?" मे महिन्यात पोरीनं बापाच्या रेझरनं दोन्ही हात साफ केले, मनगटाजवळ चांगलंच कापून घेतलं. मी पट्टी बांधली आणि वर दोन थोबाडीत दिल्या. मारायचं कुणाला होतं आणि मारलं कुणाला.

८ नोव्हें., शनिवार

ह्यांना सांगितलं. "आईला असलं काय न्हाय, तुला कायबी दिसतंय." दाखवलं. बघितलं आणि बाहेर जाऊन मोटरसायकल धूत बसले. धुतलेलीच होती.

परत आले ते तावातावानं. "कुणाला बोललीस काय?"

न्हाय.

"बोलायचं न्हाय. आणि पातं लावायचं न्हाय तोंडाला. एकदा लावलं की दुप्पट येतंय."

म्हटलं, आवं, त्या जन्मभर लावत आल्यात. पदर काढला की तोंड मिटतात, पदर असला की चमचा जात न्हाय. भरवायचं कसं?

"भरव कसंबी. आई हाय ती माझी."

जशी काय माझी ती कैदी आहे. म्हणायचं होतं, नाही म्हटलं.

९ नोव्हें., रविवार

वन्संना फोन. सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिसलं व्हय तुला."

त्यांना सातवीत असल्यापासनं माहीत. दवाखान्यात रोज त्याच दाढी करत होत्या. मला सांगणारच होत्या, पण आत्तींनी हात गच्च धरला, मान हलवत राहिल्या. "वंदनाला कळाय नको, एवढंच तिचं. दुसऱ्या कुणाला कळलं तर चालंल, पण तुला नको."

का मलाच?

"तूच बघ की इचार करून."

मग रडायला लागल्या. त्यांनासुद्धा आहे. लग्नाआधी दोन वर्षं आत्ती त्यांना कोल्हापूरला न्यायच्या, लेसरला. घरात सांगायचं, मावशीकडं चाललोय. "आमच्या आज्जीलाबी हुतं म्हणं."

आज्जीला, आईला, लेकीला. आणि माझ्या पोरीला रोज सांगायचं, आईवर गेलीया!

फोन ठेवून आत्तींच्या दारात जाऊन उभी राहिले. बराच वेळ. त्यांना कळलं असावं. पदर डोळ्यांपर्यंत घेतला.

११ नोव्हें., मंगळवार

आज झालं ते लिहिते. नाही लिहिलं तर उद्या स्वतःलाच वेगळं सांगेन.

अनुला बरं नव्हतं म्हणून रजा टाकली होती. अकराच्या सुमाराला पेज भरवत होते. पदर काढून उशाशी ठेवलेला, आत्तींचा डावा हात मध्ये येत होता म्हणून पांघरुणाखाली घालून कड दाबून टाकलेली. बाहेरनं हाक आली. "वंदना, हाईस काय गं?" कोगनोळीच्या काकी, आत्तींच्या धाकट्या जाऊबाई. सोबत भावकीतल्या दोघी. शहाळी घेऊन आजाऱ्याला बघायला.

आजवर कुणी आलं की आधी पदर नीट करायचे, तोंड भिंतीकडं वळवायचे, मगच आत घ्यायचे. आजपण वेळ होता. चपला काढून, पायावर पाणी घेऊन त्या आत येईपर्यंत भरपूर वेळ होता. पदर हातात घेतलासुद्धा.

परत ठेवला.

"या की काकी," म्हटलं.

"अगं बया!" काकींचा हात तोंडावर. दुसरी फिसकन हसली आणि खोकल्यासारखं केलं. काकी बहिऱ्याशी बोलावं तशा मोठ्यानं, "आक्का, आगं हे काय झालं तुझ्या तोंडाला?" पांघरूण आतनं हलत होतं. हात निघत नव्हता.

मी म्हटलं, औषधानं आलं असंल. तेव्हा म्हटलं. उशिरा.

आत्तींनी काकींकडं एकदाही बघितलं नाही. माझ्याकडं बघत होत्या. काकी उठून जाईपर्यंत.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. काही वाटलं नाही. शहाळी तशीच पडलीत कोपऱ्यात.

१३ नोव्हें., गुरुवार

मंगळवारपासून पोटात काही नाही. पेज नाही, दूध नाही, शहाळ्याचं पाणी नाही. दात घट्ट. पदर ठेवून बघितलं, खिडकीकडं तोंड करून बघितलं, चमचा ठेवून खोलीबाहेर जाऊन बघितलं. हे स्वतः भरवायला बसले, "आई, आ कर, आई." त्यांच्या शर्टावर सगळं.

१४ नोव्हें., शुक्रवार

हे कारखान्यावरनं आले ते भडकूनच. उसाचं गळीत सुरू झालंय, तिथं कोगनोळीची निम्मी माणसं. कुणीतरी विचारलं, "आईस्नी दाढी आलीया म्हणं?"

"कसं कळलं त्यास्नी?"

काकी अचानक आल्या, पदर घालायला सवडच मिळाली न्हाय, म्हटलं. सरळ तोंडावर खोटं. अनु ताट वाढून घेत होती. ताट तसंच ठेवून आत गेली.

१५ नोव्हें., शनिवार

हे ड्यूटीवर गेल्यावर पातं आणलं, गरम पाणी, साबण. विचारत बसले नाही कुणाला.

मला येत कुठं होतं? पहिल्याच ओढीला गळ्याजवळ रक्ताचा थेंब. अनु दारातनं म्हणाली, "मम्मी, उलटं नको ओढूस. वरनं खाली." आली, आज्जीचं डोकं मांडीवर घेतलं, बोटानं कातडी ताणून धरली. मोबाईलवर बघून शिकली म्हणे. दोघींनी मिळून केलं. खालची कातडी इतकी मऊ निघाली. बारीक बारीक जुने व्रण सगळीकडं, घाईघाईत अंधुक उजेडात केल्याचे.

आत्तींनी काही विरोध केला नाही. आरसा धरला तर बघितलं नाही. आता खातील म्हणून पेज आणली. दात घट्ट. अनु म्हणाली, "आज्जी, माझ्यासाठी एक घास." तिच्याकडं बघितलं, तोंड नाही उघडलं.

स्वयंपाकघरात अनु म्हणाली, "मलापण एवढी येणार काय गं?"

म्हटलं, येईल कदाचित. आली तर आली, आपण बघू काय करायचं ते.

"आली तर तू सगळ्यांना दाखवणार?"

मी भाजीकडं वळले.

"मंगळवारी मला बरं नव्हतं, मी घरातच होते की. तू पदर हातात घेतला होतास. मग ठेवलास. बघितलं मी."

भाजी करपली. तीच वाढली.

१७ नोव्हें., सोमवार

डॉक्टर घरी आले. सहा दिवस, अंगात पाणी नाही, नाकातनं नळी घालायची, नाहीतर दोनचार दिवसांत आटोपेल म्हणाले. दुपारी नळी घातली. नर्स कन्नड, मराठी मोडकं. आत्तींना गोंजारत म्हणत होती, "बाई तगीरी अम्मा, बाई तगीरी." तोंड उघडा, तोंड उघडा. नळी नाकातनं जायची असली तरी गिळावं तर लागतं. डोळ्यांतनं धारा, पण दात नाही उघडले. नळी तशीच ढकलली.

जाताना नर्स ह्यांच्यासमोरच म्हणाली, नळीची चिकटपट्टी ओठावर आणि गालावर बसते, केस असले की सुटते. रोज साफ करत जावा.

हे म्हणाले, "कर की मग. एवढं काय त्यात."

एवढं काय त्यात! मी उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि चांगली रडून घेतली.

१९ नोव्हें., बुधवार

आता रोज सकाळी सात वाजता दाढी. दार उघडंच असतं. हे शेजारी बसून चहा पितात. शेजारीण मीठ मागायला आली, बघत उभी राहिली, "बरं करतीस गं सासूचं" म्हणून गेली. आत्ती छताकडं बघत पडून. डावा हात बाजूला तसाच. पदर कुठंय, बघतसुद्धा नाहीत. परवा साडी काढून गाऊन घातला, तरी काही नाही. हनुवटी धरून मान इकडं वळवली की इकडं, तिकडं वळवली की तिकडं.

मला ती बोटं सोडवायला लावणारी बाई बरी होती. रागानं का होईना, जिवंत होती.

नळीतनं दूध, पाणी, गोळ्यांची पूड. वजन उतरतंच आहे. वन्सं आल्या, बघितलं आणि मला म्हणाल्या, "कुणी दाखवलं गं काकीला?" मी म्हटलं, मी. वन्सं जाताना नेहमी माझ्याकडनं कुंकू लावून घेतात, आज तशाच गेल्या.

२० नोव्हें., गुरुवार

सांगितलं आत्तींना. अनु शाळेला, हे कामावर. खुर्ची ओढून समोर बसले. म्हटलं, आत्ती, काकी आल्या त्या दिवशी मी मुद्दाम केलं. सवड होती. तुम्ही माझे हात बघितलात तेव्हापासनं मनात होतं. अनुला बोलत होता, ते तर मला सहनच व्हायचं नाही. पण तुम्ही जेवायचं सोडाल असं नव्हतं वाटलं. माझं चुकलं.

डॉक्टर म्हणालेत सगळं ऐकू येतं. डोळे उघडे होते. पापणी लवली, पण ती लवतेच.

पाया पडले. पाय थंड होते, मोजे घातले.

२२ नोव्हें., शनिवार

नर्स म्हणाली, नळी फार दिवस नको, छातीत भरतं. सोमवारी काढून चमच्यानं बघू. घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर परत घालायची की नाही ते घरच्यांनी ठरवा. हे खाली बघत होते. म्हणाले, "तिला लई तरास नको." म्हणजे काय ते आम्हा दोघांना कळलं.

सोमवारी भरवायला अनु बसेन म्हणते. आज्जी तिच्याकडं निदान बघते तरी. वन्संपण येणार आहेत. नर्सनं मला विचारलं, "तुम्ही समोर थांबताव, का बाहेर?"

मला सांगता येईना. मी समोर दिसले म्हणून त्यांनी दात मिटले तर? आणि मी बाहेर बसल्यावर तोंड उघडलं, तर मग मी या घरात त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं जायचं? नर्सला म्हटलं, सोमवारी सांगते.