गोड बोलणारी पोर

लासूर स्टेशन,
९ फेब्रुवारी २०२५

चि. तनुजास,
वच्छलाआत्याचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

घरात तीन मोबाईल असताना आत्या कागद का खरडते, असं तुला वाटेल. भिंतीला कान असतात म्हणायचे, इथं फोनलाच कान निघाले, म्हणून मी आता फोनवर कुणाशी बोलत नाही. चिठ्ठी सत्यमजवळ देते आहे. चिकलठाण्याला कामावर येताना तो तुझ्या ऑफिसात टाकील. पाकीट भाताची शितं लावून चिकटवलं आहे. त्यानं उघडलेलं दिसलं तर कळव, लेकाचा कान धरते.

झालं असं, की मागच्या साली सत्यमला मुलगी मिळेना म्हणून मी फी भरून शहरातल्या एका सोयरीक केंद्रात त्याचं नाव घातलं. मुलगी शेवटी ओळखीतूनच मिळाली, मुकुंदवाडीच्या तात्यासाहेबांची सोनिया. साखरपुडा झाला, वैशाखातली तारीख धरली. तरी त्या केंद्राची एक पोर मला दुपारी फोन करतच राहिली. काय गोड बोलायची, बाई! जेवलात का, गुडघा कसा आहे, सगळं विचारायची. मीही तिचं गाव विचारलं, आईबाप विचारले, लग्न झालंय का तेही विचारलं. आमच्या शेजारच्या कचरूच्या पोरासाठी बघावी, असं मनात होतं. गाव काही ती सांगेना. मला वाटलं, लाजते. सत्यमला बोलले तर तो हसून हसून लोळला. ती पोर नाही, मशीन आहे म्हणाला.

तेव्हा मीही हसले, पण आता रडायची पाळी आली. त्या मशीननं माझं बोलणं चोरून भरून घेतलं आणि केंद्राच्या जाहिरातीसाठी घरोघर फोन लावून ते ऐकवते आहे. लासूरच्या वच्छलाबाई काय म्हणतात ऐका, असं सांगते आणि मग माझाच आवाज, की आमच्या सत्यमला मुलगी पाहतोय, तुझ्यासारखी गोड बोलणारी सून पाहिजे. हा फोन नेमका तात्यासाहेबांकडं गेला. साखरपुडा उरकून अजून पोरी बघताय व्हय, असं त्यांनी यांना, तुझ्या कारभारीमामांना, विचारलं, आणि पोरगी आम्हाला जड झाली नाय, नारळ परत न्या म्हणाले. सोनिया सत्यमला म्हणाली, की सासूबाईंना मी पसंत नव्हतेच, साखरपुड्यात दोन शब्दही माझ्याशी बोलल्या नाहीत.

तू वकील आहेस. काहीतरी कर. पोराचं लग्न माझ्या तोंडानं मोडलं तर मी कुणाला तोंड दाखवू?

तुझ्याच भरवशावर बसलेली,
आत्या

---

छत्रपती संभाजीनगर,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. वच्छलाआत्यास,
तनुजाचा सा. न. वि. वि.

पाकीट शाबूत मिळालं. शितं इतकी लावलीस, की मलाच ते कात्रीनं कापावं लागलं.

मशीनला स्थळ विचारणारी बाई आपल्या अख्ख्या खानदानात तूच. पण तू केलंस त्यात गुन्हा काही नाही. गुन्हा त्यांचा आहे. सोयरीक जमली तरी फोन करत राहायचं, न विचारता बोलणं भरून घ्यायचं आणि वर ते जाहिरातीला वापरायचं! तू फीची पावती जपलीस हे बरं केलंस. मी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. केंद्राचं म्हणणं असं, की वच्छलाबाई आपल्या मर्जीनं, खुशीनं बोलल्या. म्हणून मी मागणी केली, की तुकडा नको, त्या दिवसाचं अख्खं बोलणं आणून ऐकवा.

तात्यासाहेबांना भेटून आले. सुनावणीच्या तारखेपर्यंत थांबायला ते कसेबसे कबूल झाले. अख्खं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकीन, सोनियालाही आणीन, मग काय ते ठरवू, असं त्यांनी बजावलं. तेव्हा आधी मला सांग, तू त्यात काय काय बोललीस? वैद्यापासून आणि वकिलापासून काही लपवू नये म्हणतात.

कारभारीमामांना नमस्कार. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी,
तनुजा

---

लासूर स्टेशन,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. तनुजास,
आशीर्वाद, वि. वि.

बाई गं, अख्खं वाजवू नको. कुणाची तरी लेक आहे असं समजून मी तिच्याजवळ मन मोकळं केलं होतं. हे घोरतात किती, ते सांगितलं. तात्यासाहेब विमानतळाजवळच्या जमिनींवर बोलायला लागले की चहा गार होतो, तेही सांगितलं. आणि सोनियाबद्दल बोलले ते तर तिच्या कानावर जायला नकोच. आमच्यात सुनेचं कौतुक तोंडावर करत नाहीत, डोक्यावर बसते म्हणतात. माझ्या सासूनं माझी भाकरी कधी चांगली म्हटली नाही. शेजारच्या गोजरबाईजवळ मात्र म्हणायची. सासू गेल्यावर गोजरबाईनं ते मला सांगितलं. तेव्हा मी चुलीपुढं बसून रडले होते.

हे लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. सत्यम जेवत नाही. ताटावर बसतो आणि उठतो. तेव्हा वाजव. माझी लाज गेली तरी चालेल, सोयरीक राहू दे. मी मात्र आत बसणार नाही.

तुझी,
धास्तावलेली आत्या

---

छत्रपती संभाजीनगर,
१८ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू पदर तोंडाला लावून बाहेर बाकावर बसलीस आणि निकाल कळताच सत्यमला घेऊन स्टेशन गाठलंस. म्हणून आत काय झालं ते लिहिते.

आधी मामांच्या घोरण्याचं प्रकरण वाजलं. मामांनी छताकडं पाहिलं. मग विमानतळाच्या जमिनी आल्या, तेव्हा अध्यक्षबाईंनी चष्मा पुसायला घेतला आणि तात्यासाहेब एकदम खोकले. मग तो तुकडा आला. त्यांनी जिथं कापला, त्याच्या पुढं तू थांबली नव्हतीस. तू त्या मशीनला म्हणालीस, की सत्यमला मुलगी पाहतोय, तुझ्यासारखी गोड बोलणारी सून पाहिजे, असं आधी सगळ्यांना सांगायचे, पण आता आमचं ठरलंय. आमची सोनिया गोड बोलत नाय, खरं बोलती. बघायला गेलो तेव्हा तिचे वडील पोहे पोरीनंच केले म्हणत होते, आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, की मी नाय केले, वहिनीनं केले. तवाच मी ह्यांना कोपरानं ढोसलं, की हीच. माझ्या घरात इतकी वर्षं सगळे गोडच बोलतात गं, खरं बोलणारं एक माणूस पाहिजे होतं.

सोनिया ओढणीत तोंड घालून रडली. तात्यासाहेब दाराकडं वळले. म्हणाले, विहीणबाई बाहेर का बसल्यात, त्यांना चहा तरी पाजा कुणी.

आयोगानं फोन बंद करण्याचा आणि तुझा आवाज सगळीकडून पुसण्याचा हुकूम दिला. भरपाईचं पुढच्या तारखेला. पण सोनिया माझ्यामागं लागली आहे, की पुसण्याआधी एक प्रत मला द्या. सासूबाई हे पुन्हा कधी बोलायच्या नाहीत, म्हणून जपून ठेवते म्हणते. द्यायची का? आवाज तुझा, मर्जी तुझी.

लग्नात मानाची साडी मात्र वकिलीणबाईंनाच.

तुझी,
तनुजा

---

लासूर स्टेशन,
२० मार्च २०२५

चि. सोनियास,
वच्छलाबाईंचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला पहिलंच पत्र लिहिते आहे. तनुजाला मी सांगितलं, की प्रत देऊ नको, सगळं पुसून टाक. रागावू नको. चोरून भरलेला आवाज कशाला जपायचा? आणि मी काय माझ्या सासूसारखी गोजरबाईजवळ निरोप ठेवून मरणार आहे?

तू रविवारी ये. तात्यासाहेबांनाही आण. चहा गार झाला तरी मी दुसरा ठेवीन, असं सांग त्यांना. पोहे मी स्वतः करते. कसे झालेत ते तू सगळ्यांदेखत खरं सांग. मग त्या मशीनला सांगितलं ते मी तुला तोंडावर सांगीन. डोक्यावर बसलीस तर बस.

वाट पाहणारी,
तुझी सासू