पिंगुळीची रिया

मिठबाव, ६ जानेवारी २०२५

चि. दीपिकास मावशीचे आशीर्वाद वि. वि.,

कलमांना मोहोर बरा आहे. फवारणी करताना तुझ्या काकांचा पाय पुन्हा मुरगळला. ते सारखे घरात, फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

मूल नसलेल्या बायकांचा आमचा मोबाइलवरचा ग्रुप तुला ठाऊकच आहे. तिथे सगळ्या टोपणनावाने. त्यातल्या बकुळने मला एकटीलाच खरं नाव सांगितलं, रिया, सासर पिंगुळी; मीही तिला माझं सांगितलं. ग्रुपवर तिने लिहिलं होतं, दोष नवऱ्यात, पण घरात कुणाला सांगायचं नाही अशी त्याने शपथ घातलीय, म्हणून सासूची बोलणी ती गप्प ऐकते. मागे तिने लिहिलं, माका आता सोसणा नाय गो. तेव्हापासून पत्ता नाही. जिवाचं काही केलं नसेल ना? शेवटी काल ग्रुपवरच विचारलं, पिंगुळीच्या रियाला कुणी ओळखतं का, बकुळ ती हीच.

तुझी मावशी किशोरी

भांडुप, ११ जानेवारी

ति. मावशीस सा. न.,

फोनवर नुसती हं हं करत होतीस, काका जवळ असणार. म्हणून तेच पत्रात लिहिते, ग्रुपवरचं ते विचारणं आधी काढून टाक. बकुळने लिहिलेल्या सगळ्याला तू नाव-गाव जोडलंस. तुझी भीती कळते गं, मलाही राहवलं नसतं. पण ते गुपित तिचं होतं. रागावू नकोस. काकांना नमस्कार.

तुझी दीपिका

मिठबाव, २ फेब्रुवारी

चि. दीपिकास आशीर्वाद,

काढलं, पण उशीर झाला. रिया धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मालवणला माहेरी होती, फोन बिघडलेला. इकडे ग्रुपमधल्या कुणीतरी तिच्या नणंदेला सगळं दाखवलं. नवऱ्याने कळवलं, आता तिकडेच राहा. फोन दुरुस्त झाल्यावर एवढं मला लिहून तिने ग्रुप सोडला.

मला घरात चैन पडेना. माहेर बंदराजवळ, एवढंच ठाऊक होतं. एसटीने गेले, विचारत विचारत घर काढलं. दार भावाने उघडलं. आत ती भाचीला मांडीवर घेऊन बसली होती. मिठबावची किशोरी, असं मी म्हटलं तशी तिने मान वर केली. तिला कळलं, दीपिका, मी डोळ्यांनी पाहिलं. भावाने तिला विचारलं, ह्या कोण गो? ती म्हणाली, मी ह्यांका वळखणंय नाय.

घर चुकलं असेल, असं भाऊ समजुतीने म्हणाला. उन्हातून आलात, पाणी तरी घ्या, म्हणाला. तिने तांब्या आणून समोर ठेवला आणि आत गेली. मी पाणी प्यायले आणि निघाले.

तू तरी माया ठेव.

किशोरी मावशी